चित्रांना खोली देऊन मिळेल

ठाकुर्लीच्या त्या दुमजली चाळीच्या जिन्यापाशी पत्र्याची एक निळी पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात, भरदार अक्षरांत लिहिलेलं होतं, 'येथे चित्रांना खोली देऊन मिळेल.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'चौकशी वर करावी.'

त्या पाटीने किती जणांना उगाच जिना चढायला लावलं असेल, देव जाणे. नव्वदच्या दशकात कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात जो तो खोली शोधत होता, आणि शोधणारा माणूस पाटी वाचत नाही, त्याला हवा तो शब्द तेवढा उचलतो. मीही तेच केलं. कल्याणला आत्याच्या गॅलरीत मी झोपत होतो, ठाण्याच्या एका लहानशा कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज काढत होतो आणि माझं लग्न ठरलं होतं. म्हणजे वैशालीचं आणि माझं ठरलं होतं, तिच्या वडिलांचं अजून ठरत होतं. ते ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. जन्मभर गाड्या वेळेवर सोडलेला माणूस. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, तुमच्यात वाईट काही नाही. पण माझी मुलगी गॅलरीत संसार करणार नाही. तुळशीचं लग्न लागायच्या आत खोली दाखवा. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघायला मोकळं करा."

तर मी जिना चढलो आणि दार वाजवलं.

दार उघडलं ते एका उंच, वाळक्या गृहस्थांनी. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि गळ्यात दोरीला अडकवलेली कात्री. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान पारव्यासारखी डावीकडे नेली, उजवीकडे नेली आणि पुन्हा मधोमध आणून थांबवली. मला वाटलं, नको म्हणताहेत.

"खोली हवी होती," मी तरीही म्हणालो.

"देऊ की. चित्र आणलंय?"

भाडेकरूचा फोटो पोलीस स्टेशनात द्यावा लागतो असं मी ऐकून होतो. पाकिटात पासपोर्ट साइझचा एक फोटो होता, तो काढून दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला. पुन्हा मान डावीकडे, उजवीकडे.

"याला खोली द्यायची?" ते चिंतेने म्हणाले. "कठीण आहे. फारच सपाट आलाय."

मी तोंड उघडायच्या आत गळ्यातली कात्री चालली होती. माझं मुंडकं खांद्यासकट कापून निघालं आणि त्यांच्या बोटांत आलं. मी रागाने त्यांच्या मागोमाग आत शिरलो आणि तिथेच थबकलो. घराघरांत कपडे वाळत घालायला असतात तशा दांड्या छताला एकामागे एक टांगलेल्या होत्या, आणि त्यांवर चिमटे लावून चित्रांचे तुकडे वाळत घातलेले होते. पुढच्या दांडीवर एक घोडा, मधल्या दांडीवर चार झाडं, मागच्या दांडीवर डोंगर. त्यांनी माझं मुंडकं पुढच्या दांडीला लावलं, फोटोतला मागचा निळा पडदा मागच्या दांडीला लावला आणि मला समोर उभं केलं.

"एक डोळा झाका. आता मान हलवा."

मी मान हलवली. फोटोतला मी निळ्या पडद्यापासून सुटलो आणि हवेत उभा राहिलो. माझ्यामागे पडद्याला माझ्याच आकाराचं भोक होतं, ते एका बाजूने दिसायला लागलं. स्टुडिओतल्या त्या मरगळलेल्या फोटोत कुणीतरी जीव ओतावा तसं काहीतरी झालं.

"ही खोली," ते म्हणाले. "तुम्हाला दुसरी कुठली हवी होती का?"

कुठली हवी होती आणि कशासाठी, ते मी तुळशीच्या लग्नाच्या मुदतीसकट सांगितलं. ते पोट धरून हसले, मला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "तसली माझ्याकडे नाही. ही शिकायची असेल तर रविवारी या, खोलीवाले."

मी रविवारी गेलो. का गेलो, ते अजून नीट सांगता येत नाही. खोली शोधायला मला तेवढाच एक वार मिळत होता, तोही मी तिकडे घालवू लागलो. नाव मात्र कायमचं पडलं. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी खोलीवाले आणि माझ्यासाठी ते सर.

सर मूळचे पोस्टरवाले. नाटकांची, प्रदर्शनांची, गावोगाव फिरणाऱ्या सर्कशींची हाताने चितारलेली पोस्टरं त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केली. मग छापील फोटोंचे दिवस आले आणि हाताची चित्रं कुणी मागेना. बाकीचे पोस्टरवाले हळहळत बसले. सरांनी बाहेरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणले, आपली जुनी पोस्टरं त्यात घातली आणि ती हलवायला सुरुवात केली. आता ज्याला मोशन ग्राफिक्स म्हणतात त्याला आमच्याकडे तेव्हा नावच नव्हतं. सर त्याला 'चालवणं' म्हणायचे. पोस्टर चालवायचं.

पण कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी लवकर मिळत नसे. आधी पोस्टरची नक्कल कापायची, तुकडे दांड्यांवर टांगायचे, पुठ्ठ्याची एक चौकट डोळ्यासमोर धरायची आणि एक डोळा मिटून त्या तुकड्यांमधून चालत जायचं. ती चौकट म्हणजे कॅमेरा. सर मागून ओरडायचे, "घाई कुठे आहे? तंबूत शिरताय, संडासात नाही!" मी माझ्या ड्रॉइंगची शेखी मिरवायला गेलो, वरून, समोरून आणि बाजूने अशी तिन्ही दृश्यं आम्ही काढतो म्हणालो, तर म्हणाले, "तिन्ही बाजूंनी बघून झालं. आत कधी जाणार?"

त्या दांड्यांवर सरांचे धुतलेले कपडेही वाळत असत. त्यालाही शिस्त होती. बनियन कायम शेवटच्या दांडीवर, कारण पांढरा रंग मागे शोभतो. कॉम्प्युटरमध्ये एखादी वस्तू किती आत ठेवायची याचा आकडा असतो, पण आम्ही तो आकडा कधी बोललोच नाही. झाड तिसऱ्या दांडीवर घे, सूर्य आणखी एक दांडी मागे ढकल, असंच चालायचं. पुढे मी एका स्टुडिओत मुलाखतीला गेलेलो, तिथे विचारलं, कंपनीचं नाव किती पुढे घ्याल? मी बोलून गेलो, पहिल्या दांडीवर. नोकरी मिळाली, पण दांडीवाला हे नाव तिथे चिकटलं ते चिकटलंच.

दोन कॉम्प्युटरांपैकी एकीचं नाव थोरली आणि दुसरीचं धाकटी. धाकटीवर शिकायचं, थोरलीवर पक्कं काम. सगळं जुळवून झालं की थोरली एकेक चित्र स्वतःशी रंगवत बसायची. चार-दोन क्षणांच्या हालचालीला तिचा अख्खा दिवस जायचा, आणि मध्ये वीज दचकली की सगळं पहिल्यापासून. म्हणून त्या दिवशी सर सकाळीच चाळीत दारोदार फिरायचे. "आज मिक्सर नको हं वहिनी. थोरलीचे दिवस भरलेत." वहिन्याही अशा, की त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटायच्या आणि दुपारी गॅलरीतून विचारायच्या, "सर, सुटली का हो?" एकदा सुटायच्या बेताला वीज गेली, तेव्हा शेजारच्या आजी चक्क थोरलीपाशी येऊन बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

पोट चालायचं ते केबलवाल्यांच्या जाहिरातींवर. पण तिथेही सरांना चैन पडत नसे. डोंबिवलीच्या एका साडीच्या दुकानाचं पोस्टर त्यांनी असं चालवलं की दुकानदार तणतणत जिना चढून आला.

"अहो, माझा फोन नंबर झाडामागे गेला!"

"झाड ओलांडलं की दिसतो ना," सर शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाइकाने थोडं चालावं."

"गिऱ्हाईक टीव्हीसमोर बसलंय हो! ते कुठे चालतंय?"

सरांनी मान डावी-उजवी केली, विचार केला आणि झाड कापलं. कापलेलं झाड मात्र त्यांनी दांडीवरून काढलं नाही.

मला त्यांनी जे पोस्टर दिलं ते सर्कशीचं होतं. पुढे डरकाळी फोडणारा वाघ, मागे पिवळाधमक तंबू, वर झोक्यावरची बाई. मी हौसेने वाघ कापून पुढच्या दांडीवर घेतला. सर्कशीत वाघाला जितकं जपत नसतील तितकं मी त्याला जपलं. मग कॅमेरा जरा सरकवला आणि वाघामागे वाघाच्या आकाराचं पांढरं भोक उघडं पडलं.

"एखाद्याला त्याच्या जागेवरून उचललं की मागे भोक पडणारच," सर म्हणाले. "ते बुजवल्याशिवाय पोस्टर चालवायचं नाही. बोला, वाघामागे काय होतं?"

मी तंबूचा पिवळा रंग फासला. सरांनी पुसायला लावला. मी गवत काढलं. "सर्कशीत गवत? वाघ शाकाहारी आहे का?" मी पिंपं काढली, शिडी काढली. एकेक रविवार जात होता, दिवाळी तोंडावर आली होती, खोलीचा पत्ता नव्हता आणि मी वाघाच्या ढुंगणामागे काय असेल याचा विचार करत बसलो होतो. शेवटी वैतागून मी तिथे वाघाची देखभाल करणारा माणूस काढला, पिंपावर बसून डबा खाणारा. वाघ खेळ करतोय तोवर त्याला जेवायला सवड.

सर कितीतरी वेळ बघत राहिले. मान इकडे, मान तिकडे. कॅमेरा सरकला, वाघ बाजूला झाला, आणि निमिषभर तो डबा खाणारा माणूस दिसून पुन्हा झाकला गेला. सरांनी टाळ्या वाजवल्या. आतून बेसनाचा लाडू आणून माझ्या तोंडात कोंबला. "जमली!" ते ओरडले. "खोलीवाले, खोली जमली!"

त्या आनंदात मी संध्याकाळी ठाण्याला गेलो आणि तलावपाळीवर वैशालीला भेटल्या भेटल्या म्हणालो, "अगं, खोली एकदम मस्त जमली!" तिचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, माझ्या कलेची हिला किती कदर आहे!

पुढे काय झालं ते सांगायच्या आधी सरांच्या मानेबद्दल सांगायला हवं. ठाण्याजवळ कोपरीला त्यांची मोठी बहीण राहायची. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. अधूनमधून रविवारी वालाचं बिरडं घेऊन यायच्या, डबा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "कोपरीला कधी येतोयस राहायला?" सर म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." हे बिरड्याइतकंच ठरलेलं होतं. एकदा सर दूध आणायला खाली गेले असताना मी अक्कांना विचारलं, सर अशी मान का हलवतात?

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याचा डावा डोळा गेलेला आहे. दिसायला नीट दिसतो, पण त्यात काही नाही. लहान होता. विटी लागली." आणि डबा पुसत, "मी मारलेली."

एवढ्यात सर दूध घेऊन आलेच. अक्कांचं तोंड बघून त्यांना समजलं. "सांगितलंस का? बरं केलंस. अहो खोलीवाले, ही माझी गुरू. दोन डोळेवाल्यांना खोली आयती मिळते, म्हणून त्यांना तिचं काही वाटत नाही. मला कपात चहा ओतायचा तरी आधी हलून बघावं लागतं कप कुठे आहे. कॅमेऱ्यालाही बिचाऱ्याला एकच डोळा. म्हणून आमचं जमतं." अक्का पदराने डोळे पुसत हसल्या. त्या गेल्यावर सर मला म्हणाले, "तिच्याकडे राहायला गेलो तर ती उठता-बसता माझ्या डोळ्याकडे बघणार. अजून बघते. मला ते सोसत नाही."

आणि मग तो रविवार आला. मी वाघाचा डरकाळी फोडणारा जबडा सारखा करत बसलो होतो. दार वाजलं. सरांनी उघडलं, मान हलवली. दारात वैशालीचे वडील उभे होते, मागे वैशाली.

"खोली बघायला आलोय," ते म्हणाले.

"या ना. चित्र आणलंय?" सर म्हणाले.

मी वैशालीला गॅलरीत ओढलं. "अगं, इकडे कुठे?"

"म्हणजे काय? तूच म्हणालेलास ना, खोली मस्त जमली म्हणून? ठाकुर्लीची पण तूच सांगितलेलीस, पॉवर हाऊसच्या बाजूची. मी बाबांना सांगितलं." मग माझं तोंड बघून तिचा आवाज बसला. "नाही मिळाली का रे?"

दिवाळीचे कंदील गॅलरीत लागले होते. तुळशीचं लग्न दारात होतं. आत तिच्या वडिलांनी नळाला पाणी कधी येतं ते विचारलं, खिडकी उघडून बघितली, भिंतीवर ओल आहे का म्हणून हात फिरवला. मग ते दांड्यांपाशी आले. वाघ, तंबू, झोक्यावरची बाई, सरांचं बनियन.

"वाघ काढणार ना?" त्यांनी विचारलं.

"काढायच्या आधी एकदा बघा तरी," म्हणत सरांनी त्यांना समोर उभं केलं आणि एक डोळा झाकायला लावला. खोपटच्या फलाटावर ज्यांच्या शिट्टीशिवाय पान हलत नसे, ते गृहस्थ एका डोळ्यावर हात ठेवून मान डोलवायला लागले. "आयला!" ते म्हणाले. "हा डबा खातोय कोण?"

"वाघाचा माणूस. तुमच्या जावयाने काढलाय."

ते बराच वेळ डोलत राहिले. मग हात खाली घेतला आणि पुन्हा कंट्रोलर झाले. "खोली चांगली आहे. राहायला कधी येणार हे?"

खोटं किती वेळ चालणार होतं? मी आत गेलो. "काका, ही खोली म्हणजे... ती नाही हो. मी इथे..."

"तुळशीच्या लग्नाच्या आत," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे बघत नव्हते. दांडीवरून बनियन काढून त्याची घडी घालत होते. "दोन्ही खोल्या माझ्या मालकीच्या आहेत. मी कोपरीला चाललोय, बहिणीकडे. आता यांनीच राहायचं."

"भाडं?"

"दर महिन्याला एक पोस्टर चालवून दाखवायचं."

"पोस्टरवर संसार होत नाही," वैशालीचे वडील म्हणाले, आणि ते दोघे आत जाऊन रीतसर व्यवहार ठरवून चहा पिऊनच बाहेर आले.

सगळे गेल्यावर मी सरांना म्हणालो, "सर, तुम्ही माझ्यासाठी घर सोडू नका." तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. "अरे, तू पहिल्या दिवशी काय मागायला आलेलास? मलाच समजायला उशीर झाला. आणि अक्का थकलीय. जायचं होतंच, पाय निघत नव्हता. तू निमित्त झालास." एवढं बोलून ते थोरलीवर चादर घालायला गेले आणि बराच वेळ ती चादर नीट करत राहिले.

ते गेल्यावर मी त्या खोलीत एकटा उभा राहिलो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. थोरली सरांबरोबर कोपरीला गेली होती. धाकटी होती, दांड्या होत्या, चिमटे होते, पण सरांच्या आकाराचं भोक होतं आणि तिथे काय रंगवावं ते मला समजेना.

लग्न झालं. आम्ही कोपरीला जोडीने पाया पडायला गेलो तेव्हा दार उघडंच होतं. अक्कांच्या स्वयंपाकघरातल्या दांड्यांवर एक होडी, एक नारळाचं झाड आणि चंद्र लटकत होते, आणि अक्का पदराने एक डोळा झाकून मान हलवत होत्या. सर मागून ओरडत होते, "घाई कुठे आहे अक्का?" त्यांच्या डोळ्याकडे बघायला अक्कांना सवडच नव्हती. निघताना सरांनी आहेर म्हणून एक व्हिडिओ कॅसेट हातात ठेवली. "तुमच्याकडे व्हिडिओ नाही ते माहीत आहे. आजींकडे बघा."

शेजारच्या आजींकडे आम्ही ती लावली. अख्खी चाळ जमली. सरांनी स्वतः चितारलेलं पोस्टर होतं, आमच्याच चाळीचं. मागे पॉवर हाऊसच्या चिमण्या, पुढे जिना, जिन्यापाशी निळी पाटी. कॅमेरा पाटीवरून सरकला, जिना चढला, गॅलरीतून चालत आला आणि आमच्या दारात थांबला. मग तो जरासा डावीकडे गेला, जरासा उजवीकडे गेला आणि पुन्हा मधोमध आला.

"अगंबाई," वैशाली म्हणाली, "सर आले."

सगळे हसले. मला हसता आलं नाही. कॅमेरा आत शिरला. दांड्यांखालून गेला. समोर थोरलीपुढे एक उंच, वाळका माणूस नुसत्या बनियनवर पाठमोरा बसला होता. कॅमेरा हळूहळू बाजूला सरकला तसा तो माणूसही बाजूला सरकला, अगदी शिस्तीत, आणि चित्राबाहेर गेला. त्याच्यामागे भोक नव्हतं. तिथे भिंतीला टेकून आम्ही दोघं बसलो होतो, मांडीवर डबा उघडून. वैशालीच्या हातात घास होता.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली, अक्काही गेल्या. कॅसेट बुरशीने केव्हाच खराब झाली. पण अजून कधी संध्याकाळी वैशाली आणि मी त्याच भिंतीला टेकून जेवायला बसतो, आणि मी नकळत दाराकडे बघत मान हलवतो. वैशाली म्हणते, "आले का रे?" मी म्हणतो, "आले. आत्ताच उठून बाहेर गेले."